०.७ कुठून आला? एका हिरव्या ठिपक्याची गोष्ट

आजचा एपिसोड कोडच्या एका ओळीतून निघालाय, त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

दीडेक वर्षापूर्वी ऑफिसात माझ्याकडे एक किरकोळ काम आलं. कर्मचाऱ्यांच्या सर्व्हेचा डॅशबोर्ड बनवायचा होता. तुम्ही नोकरीला असाल तर हा सर्व्हे तुम्हीही भरला असणार. 'माझे लीड माझं म्हणणं ऐकून घेतात', 'मला इथे मोकळेपणाने बोलता येतं', असली वाक्यं. पुढे पाच गोल, पूर्णपणे असहमत ते पूर्णपणे सहमत. एकावर टॅप करा, पुढच्या वाक्यावर जा. डॅशबोर्डवर प्रत्येक टीमची सरासरी दाखवायची आणि शेजारी एक ठिपका. तिकिटात लिहिलं होतं: क्रोनबाख अल्फा ०.७ किंवा त्याहून जास्त असेल तर ठिपका हिरवा, नाहीतर लाल. मी लायब्ररी लावली, एक इफ-एल्स लिहिलं, विषय संपला.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा अल्फा चक्क मायनसमध्ये आला होता. कारण फालतू होतं. 'मला इथे दबल्यासारखं वाटतं' अशी काही उलटी वाक्यं होती आणि त्यांचे आकडे मी उलटवलेच नव्हते. ते केलं, ठिपका हिरवा झाला, मी खूश.

काही महिन्यांनी त्याच डॅशबोर्डवरून एक यादी निघाली. ज्यांच्या टीमची सरासरी ३.५ च्या खाली, त्यांच्याकडून लीडचं काम काढून घ्यायचं. त्या यादीत एक जण असा होता ज्याने मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शेजारी बसवून गिट शिकवलं होतं. ऑफिसात सगळे त्याला दादाच म्हणतात. त्याच्या टीमची सरासरी ३.४, शेजारी माझा हिरवा ठिपका. कँटीनमध्ये तो एवढंच म्हणाला, "अरे, हा ठिपका तूच लावलायस ना? नक्की काय सांगतो तो?"

मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, "दादा, म्हणजे डेटा रिलायबल आहे." तो हसला आणि चहा संपवून गेला. त्या रात्रीपासून मी या विषयाच्या मागे लागलो, आणि जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो.

गोष्ट सुरू होते एका फौजी माणसापासून. चार्ल्स स्पिअरमन, ब्रिटिश लष्करातला अधिकारी. ब्रह्मदेशात नोकरी करून आलेला. पंधराएक वर्षं लष्करात काढल्यावर १८९७ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्र शिकायला गेला. वय चौतीसच्या आसपास. आपल्याकडे या वयात माणूस होम लोनचे हप्ते मोजत असतो. मध्येच बोअर युद्धासाठी त्याला परत बोलावलं, त्यामुळे शिक्षण लांबलं. पण १९०४ मध्ये त्याचे दोन लेख आले आणि त्यांनी या क्षेत्राचा पाया घातला.

त्याचं म्हणणं साधं होतं. समजा तुम्हाला बघायचंय की मुलाचा कान जितका तीक्ष्ण तितका तो हुशार, हे खरं आहे का. तुम्ही कानाची परीक्षा घेता, हुशारीबद्दल शिक्षकांचं मत घेता आणि दोन्हींचा संबंध काढता. पण कानाच्या परीक्षेत चूक असते, शिक्षकांच्या मतातही असते. दोन्हीकडे अशी खरखर असली की खरा संबंध आहे त्यापेक्षा फिका दिसतो. रेडिओ आणि स्टेशन दोन्ही खराब असताना गाणं ओळखायला लावावं तसं. मग आधी हे मोजायला हवं की आपलं मोजमाप स्वतःशी किती जुळतं. तेच मोजमाप परत केलं तर तोच आकडा येतो का? विश्वासार्हता म्हणजे हेच. स्पिअरमनने ती खरखर वजा करण्याचं सूत्रही दिलं. त्या काळातल्या संख्याशास्त्राचा दादा माणूस, कार्ल पिअर्सन, त्यावर जाम उखडला. कारण ते सूत्र वापरलं की कधीकधी सहसंबंध १ च्या वर जायचा, आणि तो १ च्या वर जाऊच शकत नाही.

आता अडचण बघा. विश्वासार्हता काढायला तीच परीक्षा परत घ्यायला हवी. पण माणूस काही थर्मामीटर नाही. दुसऱ्या वेळी त्याला प्रश्न आठवतात, तो कंटाळलेला असतो, किंवा मधल्या काळात खरंच बदललेला असतो. मग करायचं काय?

उत्तर १९१० मध्ये आलं, तेही एकाच अंकात दोनदा. ब्रिटिश मानसशास्त्राच्या नियतकालिकात स्पिअरमनचा लेख आणि त्याच्या लगेच मागे विल्यम ब्राउनचा. ब्राउन पिअर्सनच्या गोटातला, म्हणजे विरुद्ध पार्टीचा. दोघांनी वेगवेगळ्या वाटेने तेच सूत्र काढलं होतं. परीक्षा एकदाच घ्या. मग तिचे दोन तुकडे करा, सम क्रमांकाचे प्रश्न एकीकडे आणि विषम दुसरीकडे. दोन तुकड्यांच्या मार्कांचा सहसंबंध काढा. तो अर्ध्या परीक्षेचा असतो, म्हणून दुपटीने लांब परीक्षेसाठी दुरुस्त करा. अर्ध्यांचा सहसंबंध ०.६ असेल तर वर १.२, खाली १.६, म्हणजे पूर्ण परीक्षेची विश्वासार्हता ०.७५. आज त्याला स्पिअरमन-ब्राउन सूत्र म्हणतात. दोघांचं फारसं पटत नव्हतं, पण नावाने कायमचे जोडले गेले. कोर्टात भांडणारे भाऊ आणि सातबाऱ्यावर दोघांची नावं, तसं.

इथपर्यंत सगळं परीक्षांबद्दल होतं. बरोबर किंवा चूक. पण 'तुम्हाला काय वाटतं' हे मोजायचं कसं? इथे एक इंजिनिअर येतो, आणि मला याचा जरा जास्तच आनंद झाला. लुई लिऑन थर्स्टन कॉर्नेलला इंजिनिअरिंग शिकला होता. त्याने सिनेमाच्या प्रोजेक्टरचं यंत्र बनवलं होतं आणि त्यापायी काही काळ एडिसनकडे कामही केलं. तो नंतर मानसशास्त्रात गेला आणि १९२८ मध्ये त्याने एक लेख लिहिला ज्याचं शीर्षकच ठासून सांगतं की वृत्ती मोजता येते. पद्धत मात्र प्रचंड मेहनतीची. चर्चबद्दलचं मत मोजायला त्याने शंभरावर वाक्यं गोळा केली आणि शेकडो लोकांना परीक्षक म्हणून बसवून प्रत्येक वाक्य अकरा ढिगांपैकी एका ढिगात टाकायला लावलं. कुठलं वाक्य किती बाजूने, किती विरोधात, हे आधी परीक्षक ठरवणार. खरा सर्व्हे त्यानंतर.

रेन्सिस लिकर्टने हे सगळं सोपं करून टाकलं. हो, उच्चार लिकर्ट. आपण सगळे लायकर्ट म्हणतो, मीही म्हणायचो. १९०३ चा जन्म, सुरुवातीला तोही सिव्हिल इंजिनिअरिंगकडे गेलेला. कोलंबिया विद्यापीठातला त्याचा पीएचडीचा प्रबंध १९३२ मध्ये छापून आला. परीक्षक वगैरे काही नको. उत्तर देणाऱ्यालाच प्रत्येक वाक्याबद्दल पाच पायऱ्यांवर मत विचारा, पायऱ्यांना १ ते ५ आकडे द्या आणि बेरीज करा. आंतरराष्ट्रीय संबंध, साम्राज्यवाद आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांबद्दलची मतं, हे त्याचे विषय होते. त्याने एक क्लिष्ट गणिती पद्धतही करून बघितली होती. पण तिचे आणि साध्या १ ते ५ चे निकाल ०.९९ पर्यंत जुळले. मग कोण करतंय क्लिष्ट गणित? आपली पद्धत चालते हे दाखवायला त्याने सम-विषम तुकडे करून तेच स्पिअरमन-ब्राउन सूत्र लावलं.

आज तुम्ही डिलिव्हरीवाल्याला, कॅबवाल्याला, ॲपला जे रेटिंग देता त्याचं घराणं बरंचसं इथून निघतं. 'दादा फाइव्ह स्टार द्या हां' हे लिकर्टच्या प्रबंधात नव्हतं, ती आपली भर.

दुसऱ्या महायुद्धात हा माणूस कुठे होता ते ऐका. जर्मनीवर झालेल्या बॉम्बफेकीचा परिणाम तपासायला अमेरिकेने मोठी पाहणी केली, त्यातल्या मनोधैर्य विभागाचा प्रमुख लिकर्ट होता. पडझड झालेल्या शहरांतल्या नागरिकांना प्रश्न विचारायचे: बॉम्ब पडत असताना काय वाटत होतं, कामावर जात होता का, हार मानावीशी कधी वाटली. जास्त बॉम्ब टाकले की त्याच प्रमाणात मनोधैर्य जास्त खचतं असं काही आढळलं नाही. युद्धानंतर १९४६ मध्ये त्याने मिशिगन विद्यापीठात सर्व्हेचं मोठं संशोधन केंद्र उभं केलं. म्हणजे प्रश्नावली आता कॉलेजच्या वर्गातून बाहेर पडली होती आणि तिच्या उत्तरांवर सरकारं अवलंबून राहू लागली होती.

मागे विश्वासार्हतेचं एक दुखणं तसंच राहिलं होतं. तुकडे कसे करायचे? सम-विषम केले तर एक उत्तर, पहिले पाच आणि शेवटचे पाच केले तर दुसरं. दहा प्रश्नांचे पाच-पाचचे तुकडे १२६ प्रकारे होतात. मग कुठला आकडा खरा? सोयीचा निवडायला संशोधक मोकळा. १९३७ मध्ये कुडर आणि रिचर्डसन या दोघांनी बरोबर-चूक प्रश्नांसाठी तुकडे न करता काढता येणारं सूत्र दिलं. आजही त्याचं नाव केआर-२० आहे, कारण त्यांच्या लेखातलं ते विसावं समीकरण होतं. नाव ठेवण्याचा एवढा आळस मी फक्त आमच्या रेपोमधल्या व्हेरिएबल्समध्ये पाहिलाय. १९४५ मध्ये लुई गटमनने विश्वासार्हतेच्या सहा खालच्या मर्यादा मांडल्या. त्यातली तिसरी म्हणजे, सरळ सांगायचं तर, आजचा अल्फाच. पण तिला गटमनचं नाव लागलं नाही.

नाव लागलं ली क्रोनबाखचं. हा कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा, जन्म १९१६. लहानपणी बटाट्याच्या भावाचा हिशोब त्याने असा काही केला म्हणे की त्याला बुद्धिमापन चाचणीला बसवलं आणि आयक्यू निघाला २००. म्हणजे मोजमापाच्या शास्त्रात येण्याआधीच मोजला गेलेला मुलगा. चौदाव्या वर्षी शाळा संपली. थर्स्टनचं वृत्तिमापनाचं काम वाचून तो या विषयाकडे वळला, युद्धाच्या काळात नौदलाच्या सोनार प्रशिक्षण शाळेत काम केलं आणि १९५१ मध्ये, पस्तीस वर्षांचा असताना, त्याने तो लेख लिहिला.

अल्फा काय करतो ते सूत्र न लिहिता सांगतो. दहा वाक्यं एकच गोष्ट मोजत असतील तर ती एकत्र वर-खाली होतील. एका वाक्याला ५ देणारा बाकीच्यांनाही ४-५ देईल. तसं झालं की एकूण बेरजेतला फरक हा सुट्या वाक्यांतल्या फरकांच्या बेरजेपेक्षा खूप मोठा होतो. किती मोठा, त्याचं गुणोत्तर म्हणजे अल्फा. गंमत अशी की काही अटींसह तो त्या सगळ्या १२६ तुकड्यांच्या उत्तरांची सरासरी असतो. भांडणच मिटलं. परीक्षा परत घ्यायला नको, तुकडे करायला नकोत, आणि ५ पायऱ्यांच्या लिकर्ट प्रश्नांनाही चालतं. अल्फा हे अक्षर त्याने एवढ्यासाठी घेतलं की पुढे बीटा, गामा असे आणखी गुणांक येतील असं त्याला वाटलं होतं. ते या नावांनी काही आले नाहीत.

आता माझ्या ०.७ कडे येऊ. हा आकडा क्रोनबाखचा नाही. जम नननली नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं मानसमापनावरचं पाठ्यपुस्तक आहे. १९६७ च्या पहिल्या आवृत्तीत तो म्हणाला की संशोधनाच्या सुरुवातीच्या टप्प्यावर ०.५ ते ०.६ पुरे. १९७८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते ०.७ झालं, तेही सुरुवातीच्या टप्प्यासाठीच. आणि त्याच ठिकाणी पुढे त्याने लिहिलंय की जिथे एखाद्या माणसाबद्दल महत्त्वाचा निर्णय घ्यायचा असेल तिथे किमान ०.९ हवं, आणि ०.९५ असेल तर बरं.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. जगभर लोकांनी पहिला आकडा उचलला आणि पुढचं वाक्य सोडून दिलं. माझ्या तिकिटातही तोच उचललेला होता, आणि मी तो हार्डकोड केला होता. माणसाबद्दलच्या निर्णयासाठी.

बरं, ०.९ असतं तरी? अल्फा फुगवणं फार सोपं आहे, तेही प्रामाणिकपणे. वाक्यावाक्यांतला सरासरी सहसंबंध ०.३ धरा, म्हणजे तसा बेताचाच. ५ वाक्यं असतील तर अल्फा येतो ०.६८. १० केली की ०.८१, २० केली की ०.९०. वाक्यं तितकीच दुबळी, फक्त जास्त. 'लीड ऐकतात', 'लीड लक्ष देऊन ऐकतात', 'लीड ऐकून घेतात' हे तीनदा विचारलं तरी अल्फा चढतो.

दुसरी भानगड याहून वाईट. लोक समजतात, मीही समजत होतो, की अल्फा जास्त म्हणजे सगळी वाक्यं एकच गोष्ट मोजतात. हे करून बघा. १२ वाक्यं घ्या. सहा पगाराबद्दल, सहा लीडबद्दल. आपापल्या गटात सहसंबंध ०.६, आणि दोन गटांत एकमेकांशी संबंध शून्य. अल्फा येतो ०.८२. हिरवा ठिपका. दोन पूर्ण वेगळ्या गोष्टींची खिचडी, आणि ठिपका म्हणतो छान शिजलीय. पगारावरचा राग लीडच्या नावावर जमा झाला तरी तो काही बोलणार नाही.

आणि मग आपली 'हो'ची सवय. दारात सर्व्हेवाला आला की माझी आत्या प्रत्येक प्रश्नाला हो म्हणते, माणूस उन्हातून आलाय म्हणून. 'कसं चाललंय?' ला आपलं उत्तर 'चाललंय', म्हणजे पाचपैकी तीन, आयुष्यभर. सगळ्यांना सारखंच 'सहमत' ठोकणारे आणि सगळ्यांना सारखंच 'असहमत' ठोकणारे असले की वाक्यं एकत्र हलतात आणि अल्फा वाढतो. १९५० मध्ये हुकूमशाही वृत्तीवर एक गाजलेला अभ्यास आला होता, अडोर्नो आणि सहकाऱ्यांचा. त्यांच्या मुख्य प्रश्नावलीत सगळी वाक्यं एकाच दिशेने लिहिलेली. टीकाकारांनी नंतर विचारलं, तुम्ही हुकूमशाही वृत्ती मोजलीत की नुसती मान डोलावण्याची वृत्ती? म्हणून उलटी वाक्यं घालतात, तीच ज्यांनी माझा अल्फा मायनसमध्ये नेला. या सवयींवर इशारा देणारा एक महत्त्वाचा लेख १९४६ चा आहे, आणि लिहिणारा कोण तर क्रोनबाख. अल्फाच्या पाच वर्षं आधी.

क्रोनबाख पुढे स्वतःच्या सूत्रापासून लांब गेला. प्रश्न त्याला असा पडला की चूक एकाच प्रकारची कशी धरायची? प्रश्न बदलले तर आकडा बदलतो, दिवस बदलला तर बदलतो, परीक्षक बदलला तर बदलतो. प्रत्येकाचा वाटा वेगळा काढायला हवा. १९७२ मध्ये त्याने ग्लेसर, नंदा आणि राजरत्नम यांच्याबरोबर यावर जाडजूड पुस्तक काढलं. शेवटची दोन आडनावं वाचून माझे कान टवकारले, खोटं कशाला बोलू. पण ते अवघड होतं, आणि अल्फा सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर मिळत होता. जगाने क्लिक निवडलं.

अल्फाच्या पन्नाशीसाठी त्याने एक टिपण लिहायला घेतलं होतं. २००१ मध्ये तो गेला. रिचर्ड शॅवल्सनने ते टिपण संपादित केलं आणि २००४ मध्ये छापून आलं. त्यात म्हातारा स्पष्ट म्हणतो की या सूत्राला माझं नाव चिकटलं याचा मला संकोच वाटतो. आणि पुढे, की प्रश्नावलीबद्दल एकच आकडा द्यायचा तर गुणांक देऊ नका, मोजमापातली प्रमाण चूक द्या. म्हणजे हा स्कोअर किती इकडे-तिकडे असू शकतो, ते.

यातला फरक एका उदाहरणाने सांगतो. नैराश्य तपासायला डॉक्टर नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात, पीएचक्यू-९, २००१ पासूनची. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, एकूण २७. १० किंवा जास्त आलं की पुढची तपासणी करावी असा साधारण संकेत. मूळ अभ्यासात तिचा अल्फा ०.८६ ते ०.८९ होता, म्हणजे चांगलाच. आता समजा लोकांच्या गुणांमधलं प्रमाण विचलन ५ आहे. तर अल्फा ०.८९ असूनही एका माणसाच्या स्कोअरमधली प्रमाण चूक दीडच्या वर जाते. म्हणजे ९ आलेला आणि ११ आलेला यांच्यात खरंच फरक आहे असं छातीठोक सांगता येत नाही. चांगला डॉक्टर म्हणूनच आकडा बघून थांबत नाही, समोर बसलेल्या माणसाशी बोलतो. डॅशबोर्ड बोलत नाही.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं, आणि ते मला आधी वाटलं होतं त्याहून वाईट निघालं. माझा अल्फा अख्ख्या कंपनीच्या डेटावर काढलेला होता. तो सांगत होता की वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांत फरक करायला ही वाक्यं बरी आहेत. एका टीमची सरासरी किती पक्की आहे हे तो सांगतच नव्हता, कारण ते त्याला कोणी विचारलंच नव्हतं. आणि तोच एक ठिपका मी लूप फिरवून प्रत्येक टीमच्या नावापुढे छापला होता. दादाच्या टीममध्ये सात जण. माणसामाणसांतलं विचलन ०.८ धरलं तर सात जणांच्या सरासरीत ०.३ ची प्रमाण चूक येते. ३.४ होते, सीमा ३.५ होती.

मी हे सगळं लिहून वर पाठवलं, आकडेमोडीसकट. तोवर दादाने दुसरीकडे नोकरी धरली होती. फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाला, "बरं झालं शोधलंस. पण ०.१ ने काय होतं रे, त्यांना काढायचंच असेल तर." असेलही तसं. मी ते नाकारू शकत नाही.

डॅशबोर्डवरचा ठिपका मी काढला आणि प्रत्येक सरासरीपुढे प्लस-मायनस दाखवला. दहापेक्षा कमी लोकांच्या टीमचे पट्टे एवढे रुंद आले की बहुतेक टीम एकमेकींवर चढलेल्या दिसतात, वरची कुठली आणि खालची कुठली ते कळत नाही. गेल्या आठवड्यात त्यावर नवीन तिकीट आलंय: 'लोक गोंधळतात, कृपया जुना हिरवा ठिपका परत आणावा.' ते अजून माझ्या नावावर उघडं आहे.